समुद्राकडचा स्पीकर

सांता रीता, ४ सप्टेंबर १९९४

तोतो,

पाकिटावरचं अक्षर ओळखून तू हे पत्र आधी बाजूला ठेवलं असशील. आता उघडलंस ते बरं केलंस. कुणी वारलेलं नाही आणि मी भांडायलाही बसलेली नाही. काम आहे म्हणून लिहिते.

तातायचा शेवटचा ॲम्प्लिफायर तुला आठवत असेल. नाचाच्या मांडवातला मोठा नव्हे, तुझ्या गिटारसाठी करायला घेतलेला. पत्र्याला भोकं पाडून झाली होती, दोन्ही ट्रान्सफॉर्मर बसले होते, आणि मग ताताय गेले, आपण बिनबापाचे झालो. नानायच्या माघारी आईची ती खोली आवरताना तो मला पलंगाखाली मिळाला. जुन्या पांढऱ्या टेबलक्लॉथमध्ये गुंडाळलेला, काचेचे व्हॉल्व्ह एकेक करून तिच्या मोज्यांत घातलेले. एकही फुटला नव्हता. मी तो पुरा केला.

हसू नकोस. आयुष्यभर फळ्यावर वीज शिकवली, स्वतःच्या हाताने डाख मात्र आत्ताच द्यायला लागले आहे. तातायने पत्र्याच्या आतल्या बाजूला पेन्सिलीने नकाशा काढून ठेवला होता, म्हणून जमलं. व्हॉल्व्ह पेटतात. घरघर नाही, जळका वास नाही. पण आवाज नाही. म्हणजे आहे, पण आवाजाचं बटण शेवटपर्यंत फिरवलं तरी स्वयंपाकघरातल्या रेडिओएवढाच.

ताताय कोणताही ॲम्प्लिफायर कसा पास करायचे ते तू विसरला नसशील. तू घरात बसून जाड तार छेडायचास आणि मी टेकडीवरच्या चर्चच्या पायरीवर जाऊन उभी राहायची. ऐकू आली तर रुमाल हलवायचा. नाही आली तर तसंच उभं राहायचं, आणि ताताय पुन्हा पेटी उघडायचे. कधी कधी मी इतका वेळ उभी असायचे की फादर येऊन विचारायचे, कन्फेशनला आली आहेस का.

आता पायरीपर्यंत जाऊ दे, कुंपणापर्यंतही पोचत नाही.

मला हा १२ फेब्रुवारीच्या आत बोलता करायचा आहे. त्या दिवशी नानायचं वर्ष भरतं. तुझा कान चांगला होता. तातायच्या यंत्रांबद्दल, स्पीकरांबद्दल जे आठवत असेल ते लिही. उपयोगाचं लिही.

गेल्या फेब्रुवारीत, मातीला तू आला नाहीस तेव्हा, फोनवर मी 'आता येऊच नकोस' म्हणाले होते. आयुष्यात तू थोरल्या बहिणीचं एवढं एकच ऐकलंस. त्याबद्दल या पत्रात काही नाही.

मनांग ओनोर


सांता रीता, १६ ऑक्टोबर १९९४

तोतो,

तुझं कार्ड पोचलं. योकोहामाच्या बंदराचं चित्र सुंदर आहे. मागे तू जे लिहिलंस त्याचं मी काय करू?

मी विचारलं होतं उपयोगाचं. तू लिहितोस, नाच चालू असताना तू मांडवामागे वाळूत पडून राहायचास, समुद्राकडच्या खोक्याखाली, आणि हात वर करून स्पीकरच्या लोहचुंबकाला लावायचास. तो कोमट असायचा, आणि जाड तार वाजली की तुझ्या तळहातात मांजर बसल्यासारखं वाटायचं. लाटेचा आवाज कुठला आणि गिटारचा कुठला ते कळायचं नाही.

एलिसेओ, लोहचुंबक स्पीकरच्या मागे असतो. म्हणजे खोक्याच्या आत. तो बाहेरून हाताला लागत नाही. तू तेव्हाही झोपेतच असायचास.

असो. माझ्याकडून काय झालं ते ऐक. सगळे विजेचे दाब मोजले. संध्याकाळी आपल्याकडची वीज मरगळते, म्हणून पहाटे मोजले. ट्रान्सफॉर्मर चोख आहे. एक डाख कच्चा निघाला, तो पक्का केला. एका रेझिस्टरवरचा रंग मी मेणबत्तीच्या उजेडात तपकिरीऐवजी लाल वाचला होता. माझ्या विद्यार्थिनीने असं केलं असतं तर तिला वर्गाबाहेर उभं केलं असतं. तो बदलला. शेवटचे दोन मोठे व्हॉल्व्ह आपसात बदलून पाहिले, मग इलोइलो शहरातून नवा जोड आणून पाहिला. थोडा फरक पडला, फार नाही.

तपासायला अडचण आणखी एक आहे. सुतकाचं वर्ष आहे, घरात गाणंबजावणं नाही. फणसाच्या लाकडाची तुझी गिटार खुंटीवर आहे, तिला मी हात लावलेला नाही. म्हणून रेडिओवरच्या बातम्या जोडते. बातम्या म्हणजे संगीत नव्हे. तरी शेजारची पासिंग कुंपणावरून डोकावलीच.

"ओनोर, वर्ष संपलं नाही अजून. तुझ्या घरातून आवाज येतोय."

म्हटलं, "आवाज येत नाही, हेच तर दुखणं आहे."

"मग मला कसा आला?"

"तुला कुठला आला? तू बघायला आलीस."

"बरं. तांदळाचा भाव काय सांगितला?"

"ऐकायचं नव्हतं ना?"

"भाव ऐकायला काय हरकत आहे? तुझी आईसुद्धा ऐकायची."

आत येऊन बसली, आणि तेव्हापासून रोज संध्याकाळी बातम्यांना येते. नानायच्या खुर्चीत बसत नाही, शेजारच्या बाकावर बसते.

काल बातम्या चालू असताना वीज गेली. सगळं गाव एकदम काळं. पण तातायची पेटी लगेच गप्प झाली नाही. व्हॉल्व्ह विझत विझत नारिंगीचे तांबूस झाले आणि तो माणूस आणखी काही शब्द बोलत राहिला, हळू, हळू, पाण्याखालून बोलावं तसा. वाक्य पुरं करून मग गेला. कारण मला माहीत आहे. कंडेन्सरमध्ये उरलेली वीज असते ती. तरी पासिंगने कपाळ, छाती, खांदे असा क्रूस करून घेतला, आणि मी तिला थांबवलं नाही. नानायचं तसंच झालं होतं. डॉक्टरांनी गेली म्हणून सांगितल्यावर तिने एक वाक्य पुरं केलं.

ते काय, ते तुला सांगायला हवं. फोनवर सांगायचं राहून गेलं, आणि मग मी जे म्हणाले ते म्हणाले. ती म्हणाली, "सुतकाचे काळे कपडे उतरवाल त्या दिवशी एलिसेओला वाजवू दे. टेप लावू नको, ओनोर. त्याला वाजवू दे."

मी हो म्हटलं. मेलेल्या माणसाला शब्द दिला की तो परत घेता येत नाही, आणि तुला फोनवर दिलेलाही मी परत घेतलेला नाही. या दोहोंच्या मधे सध्या मी आहे.

तर आता काम. नकाशा पुन्हा वाचला. तातायने आउटपुटचा ट्रान्सफॉर्मर दोन स्पीकरांसाठी गुंडाळला आहे. माझ्याकडे एकच आहे, मांडवाच्या चर्चकडच्या भिंतीवरचा. समुद्राकडचा तू काखेत मारून नेलास, बोटीवर लोकांना वाटलं पातेलं आहे. एकच जोडला तर यंत्राचा जोर नीट उतरत नाही. दुखणं तेच असणार.

तेव्हा तो पाठव. फक्त स्पीकर पाठवलास तरी चालेल.

मनांग ओनोर


सांता रीता, १८ डिसेंबर १९९४

तोतो,

खोकं पोचलं. बंदरावरून जीपच्या टपावर आलं, अर्धं गाव बरोबर आलं. तुझ्या सगळ्या मावश्यांना साबण मिळाले. डबाबंद मांस, टॉवेल, चॉकलेटं, पासिंगला गुडघ्यांचं मलम. स्पीकर मधोमध, तुझ्या जुन्या कोटात गुंडाळलेला. कोटाला तुझ्या सिगारेटींचा वास आहे. अजून ओढतोस.

मी म्हटलं होतं फक्त स्पीकर, आणि तू खरंच तेवढंच पाठवलंस. चिठ्ठीसुद्धा नाही. ठीक आहे.

तातायचं काम बघून बरं वाटलं. मागच्या दोन खिळ्यांपैकी एकाशी नानायच्या नखांच्या रंगाचा तो लाल ठिपका आहे, तसाच, माझ्या स्पीकरवर आहे तसा. ठिपक्याला लाल तार, दुसऱ्याला काळी. मुलांना आपण हेच शिकवतो. नवं खोकं बनवून घेतलं, दोन्ही शेजारी शेजारी बसवले, तोंडं पुढे. ठिपक्याला ठिपका जोडला. पासिंग आली. पावणेसहाच्या बातम्या लावल्या.

आवाज पहिल्यापेक्षा कमी.

तू वाचलंस ते बरोबर आहे. एक स्पीकर होता तेव्हा जेवढा होता त्याहून दोघांचा मिळून कमी. आणि पातळ. बातम्या देणारा माणूस नाकातून बोलल्यासारखा वाटतो, त्याच्या गळ्याखालचं सगळं गेलेलं.

पासिंग म्हणाली, "सर्दी झाली बिचाऱ्याला."

"गप्प बस, पासिंग."

"तुझ्या भावाने जपानची थंडी पाठवली ग खोक्यातून."

मला हसू आलं नाही. मी तिला घरी जा म्हटलं. मग एकटीच बसून राहिले. दोन्ही स्पीकरांच्या मधे, जमिनीवर. तू मला कधी जमिनीवर बसलेलं पाहिलं नाहीस. तिथे एक विचित्र गोष्ट होती. डाव्याला कान लावला की आवाज भरदार. उजव्याला लावला की भरदार. आणि मधोमध बसलं की जणू खोलीतून कुणीतरी नुकतंच उठून गेलंय. हवा हलतेय असं वाटतं आणि काही पोचत नाही. मी डोळे मिटून तशीच किती वेळ होते कुणास ठाऊक. नानायच्या सपाता वाजल्यासारख्या वाटल्या. मग बातम्या संपून जाहिरात लागली, जाहिरातीत गाणं होतं, म्हणून बंद केलं.

माझा अंदाज सांगते. तुझा स्पीकर बिघडला आहे. इतकी वर्षं परदेशी हवेत, भाड्याच्या खोल्यांत, कुणीतरी उघडून काहीतरी केलं असणार. तू केलंस का? खरं लिही. दोष कुणाचा ते कळलं तर दुरुस्ती होते, नाहीतर होत नाही. नाताळ आनंदात जावो.

मनांग ओनोर


सांता रीता, १५ जानेवारी १९९५

तोतो,

तुझं उत्तर आलं. 'मी काहीच केलं नाही, मनांग.' पाच शब्दांचं पत्र पाठवायला जपानला टपाल किती पडतं?

तू काहीच केलेलं नाहीस. आता मला माहीत आहे. कसं कळलं ते क्रमाने सांगते.

टॉर्चमधला सेल काढला. तातायची जुनी रीत. सेलचं वरचं टोक ठिपक्याला आणि बूड दुसऱ्या खिळ्याला क्षणभर टेकवायचं, आणि स्पीकरच्या तोंडाचा कागद कुठे जातो ते बघायचं. पुढे आला तर ठिपका बरोबर. माझा पुढे आला. तुझा मागे गेला. पुन्हा केलं, पुन्हा मागे.

म्हणजे एक कागद पुढे येत होता तेव्हा दुसरा मागे जात होता. माझ्याने ढकललेली हवा तुझा ओढून घेत होता. यंत्रात दोष नव्हताच. दोघे आपापल्या जागी पूर्ण जोर लावत होते, आणि खोलीत काही उरत नव्हतं. यावर तू गाणं रचू नकोस.

पण तातायने ठिपका चुकीचा कसा दिला? ताताय आणि चूक. मला राग आला, खरं सांगते, तातायचा. सेल हातात घेऊन व्हरांड्यात गेले. पासिंग अंगणात मासे वाळत घालत होती, उलथे करून, पाठ वर.

मी विचारलं, "असे का उलथे?"

"वारा समुद्राचा आहे, बाई. पोटात मीठ आणि रेती जाते. पाठीला काही होत नाही, पाठ टणक. इतकी शिकलीस आणि हे ठाऊक नाही?"

मी तिथेच पायरीवर बसले.

मांडवाला समुद्राकडून भिंत नव्हती, तोतो. नुसते खांब. तिकडच्या खोक्यावर थेट खारा वारा यायचा, आणि कागद एका पावसाळ्यात कुजायचा. म्हणून तातायने तो स्पीकर उलटा बसवला होता. पाठ बाहेर, कागद आत. आवाज पाठीकडूनही निघतोच. आणि उलटा बसवलेला म्हणून ठिपकाही उलटा दिला, म्हणजे दोन्ही बाजूंनी हवा एकाच वेळी माणसांकडे जावी. ठिपका चुकीचा नव्हता. तो त्या जागेसाठी होता. जागा गेली, मांडव गेला, ताताय गेले, ठिपका राहिला. तू तो एकटाच लावायचास तेव्हा कशाने काही बिघडत नव्हतं. एकट्या स्पीकरला उलटंसुलटं नसतं.

मग मला तुझं कार्ड आठवलं. कपाटातून काढून पुन्हा वाचलं. वाळूत पडून वर केलेला हात, आणि कोमट लोहचुंबक. तो खरंच बाहेर होता. तू झोपेत नव्हतास. मी पुस्तकातला स्पीकर बघत होते आणि तू आपला सांगत होतास.

तारांची अदलाबदल केली असती तर एका मिनिटाचं काम होतं. मी तसं केलं नाही. तुझा स्पीकर खोक्यातून काढला आणि तातायने लावला होता तसा उलटा लावला. पाठ बाहेर. ठिपक्याला ठिपका. दिसायला विचित्र दिसतं, एक तोंड करून बसलेला आणि एक पाठ करून. शेजारचे हसतील. हसू देत.

बातम्या लावल्या. पासिंग दारात आली ती आत यायची थांबली. म्हणाली, "हा माणूस घरात आहे की काय?" इतका जवळून, छातीतून बोलला तो. कपाटातल्या बशा किणकिणल्या. बटण अर्ध्यावरही नव्हतं.

मग मी एक केलं. पासिंगला विचारलं, "एकच तार, एकदाच. चालेल?"

ती विचार करून म्हणाली, "चर्चची घंटासुद्धा एकदा वाजते. एकदा चालेल."

तुझी गिटार खुंटीवरून काढली. जाड तार तेवढी नवी लावली होती. गिटार यंत्राला जोडली. छेडली. तळहात तुझ्या स्पीकरच्या पाठीला लावला. कोमट आहे. मांजराचं मला पटत नाही. कोंबडी उबवायला बसते तेव्हा तिच्या पोटाखाली हात घातल्यासारखं वाटतं.

पण हे घरातलं. पायरीपर्यंत पोचतं की नाही, ते कळायला मार्ग नाही. घरात कुणीतरी वाजवायला हवं आणि पायरीवर कुणीतरी उभं राहायला हवं. पासिंगचे गुडघे टेकडी चढत नाहीत, आणि गिटार तर ती हातातही धरणार नाही. एका माणसाने होणारी तपासणी ताताय करत नव्हते.

१२ फेब्रुवारीला रविवार आहे. सकाळी चर्चमध्ये मिस्सा, मग काळे उतरवायचे, मग जेवण. फोनवर जे म्हणाले ते परत घेते. हे एकदाच लिहिते, पुन्हा लिहायला लावू नकोस.

ये.

मनांग


१२ फेब्रुवारी, सकाळ
(पासिंगच्या हाती)

तोतो,

तू येत असल्याची तार मिळाली. बोट रात्री उशिरा लागते आणि पहिली जीप नऊच्या सुमारास गावात येते, म्हणजे मिस्सा संपायच्या वेळी तू घरी पोचशील. मी थांबले नाही. नानायच्या मिस्सेला घरातलं एक तरी माणूस वेळेवर हवं.

पासिंग दार उघडेल. ती रडेल, तिला रडू दे, पण खायला घालायला लागली तर आधी काम कर असं सांग. पानात गुंडाळून उकडलेले भाताचे इबोस झाकून ठेवलेत, ते पळून जात नाहीत.

यंत्र चालू करून ठेवलं आहे. व्हॉल्व्ह तापलेले आहेत, हात लावू नकोस. उजवा स्पीकर उलटा आहे, तो तसाच असायचा आहे, नीट करायला जाऊ नकोस. सगळ्या तारा नव्या आहेत. सुरात लावल्या आहेत असं मला वाटतं, तुला वाटणार नाही.

खिडकी उघडी ठेवली आहे, टेकडीकडची.

मिस्सा झाली की मी काळी ओढणी काढून पायरीवर येईन आणि उभी राहीन. आधी जाड तार. माझा रुमाल दिसेपर्यंत दुसरं काही वाजवू नकोस. डोळे पूर्वीसारखे नसतील तुझे, म्हणून या वेळी रुमालाऐवजी पांढरा टेबलक्लॉथ बरोबर घेतला आहे. नानायने पेटी गुंडाळली होती तो.

ऐकू आलं नाही तरी मी तिथेच उभी असेन. घाई करू नकोस.